गाणारं तळं

प्रिय बेगिमाय,

तुझं पार्सल पोचलं. मोजे उबदार आहेत, चहा मात्र शहरी, रंग फार नि चव कमी. मी बरा आहे. फक्त हल्ली रोज सकाळी काठी घेऊन तळ्याच्या काठावर उभा राहतो. शेजारचा तोक्तोसुन घोडीवरून जाता जाता टोमणा मारायचा, ‘काय मास्तर, नवी कविता शोधताय की जुनीवर पहारा देताय?’ गेल्या आठवड्यापासून तो पायी जातो.

तुला आपला वर्ग आठवतो? शेणकुटांची चूल, ओल्या लोकरी टोप्यांचा वास, आणि मुलांना वाचायला एक पुस्तक नाही. म्हणून मी फळ्यावर लिहू लागलो, तुम्ही हेल काढून घोकू लागलात, आणि बघता बघता मास्तरचा लेखक झाला. पहिली कविता तुझी. तू बर्फावर पालथी पडून ऐकत होतीस, आणि मी घरी येऊन लिहिलं:

बर्फावर कान ठेव, ऐक आतलं जळ;
गात असेल गाणं तर पलीकडे पळ.

तेव्हा ते खरं होतं, पोरी, गाणारा बर्फ पक्का असायचा. भरलेल्या गाड्याही बर्फ पेलायचा आणि खर्जात गायचा. आता हिवाळाच पातळ झालाय. तोक्तोसुनची घोडी काठापासून हाकेच्या अंतरावर बर्फ फुटून आत गेली. तो कसाबसा बाहेर आला, ती नाही. त्या सकाळीही तळं गात होतं. मी या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच काठावर दोन मुली बर्फाला कान लावून पडलेल्या. मी ओरडलो, ‘उठा गं, आधी उठा.’ त्या हसायला लागल्या. ‘मास्तर, गातंय की. तुमच्याच पुस्तकात आहे ना?’ घराघरांतून पुस्तकं परत आणता येतील, पण पाठ झालेलं कुठून परत आणू? तेव्हापासून बर्फाकडे वळणाऱ्या पोरांना काठीनं अडवतो.

परवा तुझ्या लेकीचा, आयदायचा फोन आला. सगळी कविता एका दमात म्हणाली, अगदी तुझ्या हेलात. सुट्टीत आली की तळ्यावरून एकटीच पलीकडे मावशीकडे जाणार म्हणे. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘शाबास’. बेगिमाय, या हिवाळ्यात तिला पाठवू नकोस. मी नको म्हटलं तर तिला वाटेल, म्हातारा भित्रा झाला. कविता तिला तू शिकवलीस, आता हेही तूच शिकव. सांग तिला, आजोबांचं तळं हल्ली खोटं गातं.

तुझाच, काठावर उभा असलेला,
बाबा