श्रीपादची गूळतुला

॥ श्री ॥
बदलापूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. कुमुदताईस,
कृ. सा. न. वि. वि.

भाऊबीजेहून सुखरूप पोचलो. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं आणि तुलाच तेवढं ऐकू येत नाही, म्हणून आपली पत्रंच बरी.

ओवाळताना माझ्या पोटाकडे बघून हसलीस, ते मी पाहिलं. हस बापडी. अंबरनाथला होतो तोवर कारखान्यात सायकलने गेलो, निवृत्तीनंतरही मंडई, वाचनालय सगळं सायकलवरच. इथे मी नि मीनल लेकाकडे, पुष्करच्या फ्लॅटवर राहायला आलो आणि पाण्याच्या टँकरने मला रस्त्याकडेला उडवलं. पाय जुळला. डॉक्टर म्हणतात, चालवा आता सायकल. पण चालवू कुठे? फाटकाबाहेर सिमेंटचा रुंद रस्ता, त्यावर टँकर नि डंपर सुसाट, आणि फुटपाथवर लोकांच्या गाड्या. मागच्या अंगाला शेतांतून गावठाणाकडे जाणारी छान शांत वाट आहे, पण चोरांच्या भीतीने सोसायटीने मागच्या फाटकाला कुलूप ठोकलंय. त्यामुळे माझा प्रवास सोफा ते गॅलरी. साखर वाढली, गुडघे कुरकुरतात, सदऱ्याची बटणं लावून मीनल कंटाळली.

आता मुद्द्याचं. मी इस्पितळात असताना तू गल्लीतल्या मारुतीला माझी गूळतुला बोललीस. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ गल्लीभर वाटायचा. त्याला वर्ष उलटून गेलं. देवाचं देणं लांबवू नये, आणि तू जितकं लांबवशील तितका गूळ जास्त लागेल. तारीख कळव, मी बसायला तयार आहे.

तुझी माया माझ्या पोटासारखीच वाढती राहो.

तुझा,
श्रीपाद


॥ श्री ॥
उल्हासनगर कॅम्प २,
२० नोव्हेंबर २०२४

चि. श्रीपादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले हे खरं. पण त्याआधी रिक्षातून उतरून चौकट धरून तू धापा टाकत उभा राहिलास, तेव्हा मी आत जाऊन मारुतीला पुन्हा हात जोडले. ते तुला दिसलं नसेल.

तुलेची एवढी घाई कसली? सध्या बाजारात जुना गूळ आहे, काळा नि चिकट. मारुतीला असला गूळ दाखवायचा? नवा येऊ दे. वखारीतल्या धर्मेशला सांगून ठेवलंय. मारुती काही पळून जात नाही.

आमच्या बराकीच्या टोकाला चेतनदास पापडवाले राहतात, तुझ्याहून वयाने मोठे. अजून कॅरिअरला डबा बांधून सायकलवर दुकानोदुकानी पापड पोचवतात आणि अंगाने अगदी काटकुळे. एवढ्या गर्दीत भीती नाही का वाटत, असं मी त्यांना विचारलं. त्यांचं म्हणणं पडलं, ताई, इथे गाडी धावणार कुठे? हातगाड्या, टेम्पो, गिऱ्हाइकं, सगळेच रांगतात, आणि मी पडलोच तर चार दुकानदार गल्ला सोडून धावतील. मला ते पटलं. आमच्या गल्लीला आजवर नावं ठेवत आले, आता जरा जपून ठेवीन.

तुझ्या सायकलचं काय झालं? पत्रात तिच्याबद्दल अवाक्षर नाही. घंटी तीच आहे ना, बाबांनी कल्याणहून आणलेली?

मीनलला आशीर्वाद. गोड कमी खा, आणि मला लिहायला आळस करू नकोस.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
बदलापूर,
५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सायकलचं विचारलंस, तर ऐक. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली हलवा, अशी सोसायटीने नोटीस लावली आहे. पंधरा तारखेच्या रविवारी भंगारवाला येणार. पुष्कर म्हणाला, बाबा, देऊन टाकू या. त्याला दोष देत नाही. मला रस्त्यावरून त्यानेच उचललं होतं, अजून सायकल बघितली की पोराचा चेहरा उतरतो. मी हो म्हटलं.

हो म्हटलं आणि मग खाली जाऊन तिची धूळ पुसत बसलो. उद्या भंगारात जाणारी वस्तू कशाला पुसायची? स्वतःचाच राग आला. ताई, मला फार वाईट वाटतंय. सायकल जाणार याचं तर आहेच, पण यापुढे कुठेही जायचं तर कोणीतरी न्यायला लागेल, हे जास्त टोचतं. बिल्डिंगमध्ये माझ्यासारखे आणखी तिघे निवृत्त आहेत. लिफ्टमध्ये भेटतो तेव्हा एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतो आणि आपापल्या मजल्यावर उतरतो.

नवा गूळ एव्हाना आला असेल. तो नवस एकदा उरकून टाक. सगळंच एकदम आटपू दे.

या जड भावावर तुझी माया हलकी होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रीपाद


॥ श्री ॥
उल्हासनगर कॅम्प २,
९ डिसेंबर २०२४

चि. श्रीपादास,
आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टाने धाडते आहे. खबरदार ती सायकल दिलीस तर!

नवस सांगू नये म्हणतात, म्हणून वर्षभर तोंड मिटून होते. आता सांगते. तुझा जीव वाचव असं मी मारुतीला म्हटलंच नव्हतं. जिवाला धोका नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मागितलं ते हे, की माझा भाऊ पुन्हा सायकलवर बसून, घंटी वाजवत माझ्या दारात येऊ दे, त्या दिवशी त्याच्या भारंभार गूळ वाटीन. जुना गूळ, नवा गूळ ही सगळी माझी सोंगं. तू रिक्षाने आलास तर मी कसला नवस फेडू?

टँकरच्या रस्त्यावर जा असं मी म्हणत नाही. मला भाऊ हवाय. पण एका कुलपापायी सायकल भंगारात? कारखान्यात एवढी माणसं हाताळलीस आणि तुला फाटकाची किल्ली मागता येत नाही? एकटा म्हातारा गेला तर त्याला कटकट म्हणतात, चौघे गेले तर शिष्टमंडळ होतं. त्या लिफ्टमधल्या तिघांना घेऊन जा.

रागावले आहे, पण तुझ्यावर नाही.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
बदलापूर,
१ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
मीनलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं आणि न जेवताच खाली गेले. मग ते आणि ते तिघे, अशी चार पोटं कमिटीसमोर जाऊन बसली. कमिटीने आधी चोरांचं कारण सांगितलं. तेव्हा हे म्हणाले, सकाळी आम्ही चौघेच फाटकावर असू, आमच्या अंगावरून चोर जाईल कसा? आता रोज सकाळी मागचं फाटक उघडतं. दोघे सायकलवर, दोघे चालत, आणि मागून आम्ही बायका. शेतातल्या वाटेवर गावठाणातली इतकी जुनी माणसं भेटतात, की हा गाव आपलाही आहे असं मला पहिल्यांदाच वाटलं.

पुष्कर आठवडाभर अबोला धरून होता. मग एके दिवशी गुपचूप नवे टायर घेऊन आला. घंटी मात्र ह्यांनी बदलू दिली नाही.

वजन फारसं उतरलेलं नाही, धर्मेशना तसं सांगून ठेवा. पण जिना चढताना आता थांबत नाहीत, आणि मला बटणं लावायला लागत नाहीत. उद्या रविवार, रस्ते रिकामे. गावठाणाच्या वाटेने निघतील आणि मोठा रस्ता लागला की पुष्कर लांबून स्कूटरवर मागे राहील. हे त्यांना ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका. मी आपली घरी देवापाशी दिवा लावून बसेन.

पाकिटाला तिकीट नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. पत्र आणणाऱ्याने तुमच्या दारात घंटी वाजवली असेल, पुन्हा पुन्हा वाजवली असेल. तुम्हाला ऐकू आली नसेल, म्हणून सायकलवरून उतरून त्यांनी हे हातात दिलं असेल. ती वाजली आहे, वन्सं. त्यांना आधी पाणी द्या, आणि मग गुळाच्या वखारीत निरोप धाडा.

तुमची,
मीनल