व्हय कोण म्हणालं

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ झाला, मग काम. अमेरिकेतल्या क्विझ कंपनीला रोज ‘मजेशीर गोष्टी’ लिहून पाठवायच्या. तिकडच्या गावांचा इतिहास, खेळ, रॉक संगीत. आज बास्केटबॉल. सुरुवातीला पीच फळांच्या टोपल्या टांगायचे, तळ न कापता. बॉल आत पडला की शिडी लावून काढायचा. दादाला वाचून दाखवलं, हसला, आणि हसता हसता आवाज फाटला. दिवाळीपासून घसा बसलाय त्याचा.
शैलावहिनी म्हणाली, “दाखवून या की एकदा.”
“सीझन संपू दे.”
सीझन म्हणजे फुटबॉल. मैदानावर कॉमेंट्रीचा माईक ह्याच्याच हातात. अख्खी पेठ त्या आवाजाला ओळखते. कॉलेजात इंग्लिश गाण्यांचा बँड होता, त्यामुळं माझे रॉकचे प्रश्न अजून तोच तपासतो.

२३ जाने.
आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच. दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला आणि दादाच्या तोंडातून नुसती हवा आली. लोकांना वाटलं स्पीकर गेला. मागून कोणतरी ओरडलं, “ओ, वायर बघा की वायर.” दादानं माईक शेजारच्याला दिला.
येताना गाडीवर मीच बडबडत होते.

२९ जाने.
दुर्बिणीनं तपासलं. स्वरयंत्रावर गाठ. तुकडा काढून पाठवलाय. वहिनी बाहेर बाकावर पर्स घट्ट धरून बसलेली.
रात्रीचा भात तसाच राहिला.

४ फेब्रु.
कॅन्सर.
डॉ. म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल, नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागणार नाही, पुढं गेलंय. मानेला भोक, श्वास तिथूनच. दादानं एवढंच विचारलं, “बोलता येणार न्हाय?” डॉ. बोलायच्या मशीनचं काहीतरी सांगत राहिले. दादा खिडकीकडं बघत होता.
घरी येऊन कामाला बसले. काय करणार. शिकागोची नदी: तळ्यात घाण जाऊ नये म्हणून माणसांनी तिचा प्रवाहच उलटा फिरवला. दादा मागं उभा राहून वाचत होता.
“मग घाण गेली कुठं?”
“खालच्या गावांकडं.”
“आणि हे मजेशीर.” आत गेला.

७ फेब्रु.
नाही म्हणतोय. ठाम. वहिनी सकाळपासून उपाशी.
दादा: “आवाज काढल्यावर घरात बसून कुणाचं तोंड बघू?”
वहिनी: “माझं बघा.”
मी उगाच चहा ठेवला, कुणी घेतला नाही.

१२ फेब्रु.
आज आयोवा. हिवाळ्यात छोटं विमान शेतात पडलं, आत रॉकवाली पोरं. एका सीटसाठी नाणं उडवलेलं. जिंकला तो बसला, मेला. हरला तो राहिला. मी हे दादाला दाखवणारच नव्हते, त्यानंच स्क्रीनवर बघितलं. त्याला आधीपासून माहीत होतं. बँडमधली पोरं ह्यावर तासन्‌तास बोलायची म्हणे.
“हरलेल्याला नंतर आयुष्यभर लोक हेच विचारत असणार,” म्हणाला. घोगरं, अर्धं ऐकू आलं.
मी धीर करून म्हटलं, “दादा, ऑपरेशन करून घे.”
“तू तुझं काम कर.”
कंपनीच्या मॅडमचा मेसेज: मजकूर जरा हलकाफुलका ठेवा.

१८ फेब्रु.
दुपारी जेवताना दादाचा श्वास अडकला. ओठ निळे. शेजारच्या पाटलांची गाडी, वहिनीच्या मांडीवर डोकं, मी पुढं. सिग्नलला पाटील काच खाली करून ओरडत होते, “सरका ओ पावणं, सरका.” दवाखान्यात मानेला भोक पाडून नळी घातली तेव्हा छाती हलली.
आता ह्यापुढं

१९ फेब्रु.
काल पुढं लिहवलं नाही.
सकाळी आय.सी.यू.त डॉ. म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, पेशंटला विचारा. दादा जागा होता, पण औषधाच्या गुंगीत. वहिनीनं वाकून विचारलं, “करायचं न्हवं?” त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मान हलली नाही. ना हो, ना नाही. मी पायथ्याशी उभी होते, मला स्वच्छ दिसत होतं.
वहिनी बाहेर आली. “व्हय म्हणालेत ते.”
डॉ.नी माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, “व्हय.”

२१ फेब्रु.
ऑपरेशन झालं. लांबलं. काढलेलं सगळं तपासायला पाठवलंय, कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे कॅन्सर मागं उरला नाही ना, ते रिपोर्टवर कळेल. वहिनी देवळात जाते म्हणाली आणि गेली नाही. जिन्यातच बसली होती. शेजारी बसले. एकमेकींकडं बघितलं नाही.

२६ फेब्रु.
दादा उठून बसतो. नाकातल्या नळीतून पेज. मानेच्या भोकातून खोकला येतो, त्याचा आवाज भलताच. बोलायला गेला की ओठ हलतात. पहिल्या दिवशी विसरूनच हाक मारायला गेला, मग थांबला.
तालमीची पोरं भेटायला आली. एरवी गल्ली डोक्यावर घेणारी, रांगेत उभी. दादानंच हात जोडले.
वहिनीशी खुणा करतो. पाणी, उशी, पंखा. माझ्याशी नाही.

१ मार्च
रिपोर्ट अजून नाही.
वहिनी पेज आणायला खाली गेली होती. मी कॉटशेजारी लॅपटॉप उघडून काम करत होते, टेनेसीच्या कुठल्याशा स्टुडिओचं. दादानं हात पुढं केला. वाटलं वाचायला मागतोय, बरं वाटलं. त्यानं लॅपटॉप बाजूला सारून माझा फोन घेतला. एका बोटानं, सावकाश टाइप केलं आणि माझ्यासमोर धरलं.
तू तिथं हुतीस. मी व्हय म्हणालो हुतो?
तोंडानं सांगवेना, म्हणून फोन हातात घेतला. काय लिहू. कर्सर लुकलुकत राहिला. दादा डोळे न हलवता बघत होता, राग नव्हता त्यात, नुसता विचारत होता.
दार वाजलं. वहिनी. मी फोन पर्समध्ये टाकला.
पेज देताना तिनं विचारलं, “काय म्हणत हुते?”
मी म्हटलं, “काय न्हाय.”
दादा दोघींकडं आळीपाळीनं बघत होता.