हवेचं टेस्टिंग

११ फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या साइटवरच्या फिटर कौतिकदादांचा उजवा पाय गेला. गुडघ्याखालून कापला.

जैनाबादकडच्या नव्या पाइपलाइनचं टेस्टिंग होतं. गाडलेल्या पाइपात पाणी भरून दाब द्यायचा, हा नियम. पण पाणी भरायला दोन दिवस लागतात. माझे वरचे इंजिनियर निरंजन सर फोनवर म्हणाले, "वंदना, कॉम्प्रेसर लाव. हवेनं कर, खतम कर." पाणी फुटलं तर भिजवतं, हवा फुटली तर माणसाला फेकते — हे मला त्यांनीच शिकवलं होतं. टोकाचं लोखंडी झाकण उडालं ते सरळ दादांच्या पायावर.

१२ फेब्रुवारी
सर आले. खड्ड्याचे फोटो काढले. दवाखान्यात येता का विचारलं, तर "मीटिंग है." रिपोर्ट मात्र तयार आणलेला: 'कामगाराने दाब असताना, विनापरवानगी बोल्ट कसले.' मी सही केली नाही. घरी आल्यावर आईला दोनदा सांगितलं, की सही केली नाही.

१५ फेब्रुवारी
सरांचा राग येतो. दुसरं काही सुचत नाही.

१८ फेब्रुवारी
इथे तरी खरं लिहू. त्या दिवशी दाबाच्या गेजचा काटा उतरत होता. झाकणापाशी हवा सुटत होती. दादा पाना घेऊन उभे. "मॅडम, पहिले हवा सोडून देऊ का?" हवा सोडली की सगळं पहिल्यापासून — आणि सरांचे फोनवर फोन. मी म्हटलं, "नको, तसेच बोल्ट कसा जरा."

कसायला सरांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तीन वर्षं झाली साइटवर, मला कळत नव्हतं असं नाही.

चौकशीत सांगणार. सरांचंही, माझंही. नोकरी गेली तर गेली.

२० फेब्रुवारी
दवाखान्यात मालूबाईंनी, दादांच्या बायकोनं, डब्यातली भाकरी माझ्यापुढे केली. "तुम्ही टाइमवर गाडी आणली मॅडम, नाही तं माणूसच हातचा गेला असता." खाल्ली मी ती. घशाखाली उतरलीसुद्धा! त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. चौकशीत सांगूच, म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
चौकशीचे साहेब दवाखान्यातच आले. आधी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "मॅडम नको म्हणत होत्या. मीच गेलो." मालूबाई मान खाली घालून चादर सारखी करत होत्या. साहेब माझ्याकडे वळले, "बरोबर?"

मी हो म्हटलं.