अळणी भाजी आणि मोहरीची पेंड

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच वाकतो. तुझं पत्र मिळालं. तुझी लेक आणि तिचं बाळ दोघं खुशाल आहेत, वाचून बरं वाटलं. मीही मजेत आहे. जेवणखाण वेळेवर होतं. तू विचारलं आहेस त्याचं उत्तर शेवटी लिहितो, आधी गोठ्यावरची गंमत ऐक.

दूध तुटलेल्या वासरांना कोणती पेंड आवडते, ते बघायचं काम सध्या माझ्याकडे आहे. प्रत्येक वासरू वेगळ्या कप्प्यात आणि त्याच्यापुढे चार घमेली: सोयाबीन, जवस, सूर्यफूल आणि मोहरी. घमेल्यांच्या जागा रोज बदलायच्या, नाहीतर वासरू चव सोडून सवयीच्या कोपऱ्यात तोंड घालतं. सोयाबीनवर सगळी तुटून पडतात. मोहरीला नाकं मुरडतात. कडूच असते ती, मी चाखून पाहिली आहे. हसू नकोस.

एक कालवड मात्र मोहरीच खायची. तिला आम्ही राणीसाहेब म्हणतो. तिच्या कप्प्यात मोहरीचं घमेलं कडेच्या गजांशी होतं आणि त्याची कडी गंजून घट्ट बसलेली. मी म्हटलं, राहू दे तिथेच, नाहीतरी मोहरीला कोण विचारतंय! बाकीची तीनच फिरवत राहिलो. बाई मिटक्या मारत मोहरी संपवायच्या. मी आमच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "हिची जीभच वेगळी आहे." त्यांनाही कौतुक वाटलं.

मग शेजारच्या कप्प्यातली कालवड तापली आणि तिला आजारी जनावरांच्या शेडमध्ये हलवलं. त्या दिवसापासून राणीसाहेबांनी मोहरीकडे ढुंकून पाहिलं नाही. सोयाबीनलाही तोंड लावलं नाही. रिकाम्या कप्प्याकडे मान करून नुसती हंबरत उभी. मी तिच्याजवळ ओणवा झालो तेव्हा कळलं. शेजारीण दिसायची ती फक्त मोहरीच्या घमेल्यापाशी उभं राहिलं तरच. गजाच्या अलीकडे एक, पलीकडे एक, तोंडाला तोंड लावून दोघी खायच्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे हिला मोहरी आवडत नव्हतीच?"

"नव्हती."

"मग इतके दिवस खात कशी होती हो?"

मला उत्तर येत होतं, पण मी खोटंच खोकलो. त्यांना वाटलं, घशात पेंडीची धूळ गेली. पाणी आणून दिलं बिचाऱ्यांनी.

शेजारीण आता बरी झाली. दोघींना चाचणीतून काढून एकाच कप्प्यात ठेवलंय. एकाच घमेल्यातलं सोयाबीन खातात आणि ढुशा देत भांडतात.

ताई, तू लिहिलंस, "आता माझं ब्लडप्रेशर तुझ्या ताटात नाही, भाजीत मीठ मनासारखं घाल." घालतो. भाजी चांगली होते. पण समोरचं तुझं स्टूल रिकामं असतं आणि घास उतरत नाही. पुष्कळदा वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवतो. वर जेवणाबद्दल लिहिलं ते खोटं आहे, पण खोडत नाही.

तुझी अळणी भाजी मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मागून खाल्ली. तू शेजारणींना सांगायचीस, आमच्या धाकट्याला अळणीच आवडतं. मला ती कधीच आवडली नाही गं.

आता तुझा प्रश्न. लेक म्हणते कायमची इथेच राहा, तर राहू का? "खुशाल राहा, माझी काळजी करू नकोस," असं लिहायचं ठरवून बसलो होतो. शहाण्या भावाने तेच लिहावं. तुझं मन तिथे रमलं असेल तर राहा, मी रुसणार नाही. पण मला विचारतेस म्हणून सांगतो, नको राहू. मला इथे फार एकटं वाटतं. बाळाने अंग धरलं की परत ये.

मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिलाय.

तुझ्या समोरच्या स्टुलावरचा,
धाकटा