शेंदराखालची अक्षरं

आप्पा, गॅरेजच्या कोपऱ्यातल्या त्या आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या ब्लॉकवरचा शेंदूर मी काल खरडून काढला. रॉकेलचा बोळा आणि लाकडाची पट्टी घेऊन, दिवसाढवळ्या, भाऊ समोर उभा असताना. रागवायचं तर रागवा. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आता मी कोणाला भीत नाही.

सुरतेच्या भंगारातून तुम्ही ते इंजिन आणलं आणि शहाद्याजवळच्या गुऱ्हाळावर उसाच्या चरकाला जोडलं. मी पंधरा वर्षांची. त्याचा चार तोंडांचा कार्बोरेटर बघून मी म्हणाले, हे ट्रकचं नाही, पळणाऱ्या मोटारीचं आहे. "तुले लोखंडनं काय समजस? हाई ट्रकनं इंजन शे," असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात आणि माझ्या हातातला पाना काढून घेतलात. सगळे हसले. तो पाना मला अजून सलतो, आप्पा. पुढे गुऱ्हाळ बंद पडलं, नुसता ब्लॉक उरला, तो तुम्ही गॅरेजात आणून ठेवलात. दर दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत त्याच्या पुढच्या सपाट जागी तेलात कालवलेला शेंदूर थापायचात, जुन्यावर नवा, आणि मला बजावायचात, "देवले खरडू नको."

आज गॅरेज भाऊ आणि मी मिळून चालवतो. भावाला जागा हवी, ट्रकचं धूड कशाला सांभाळायचं म्हणून त्याने भंगारवाल्याला शुक्रवारी बोलावलं. मी म्हटलं, थांब, आधी त्याचं मूळ शोधू दे. ब्लॉकच्या मागे ओतीव आकडे होते. गंज घासून त्यांचा फोटो सुरतेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला पाठवला, जुन्या मोटारींतच त्याची हयात गेलीय. तो म्हणाला, माल अमेरिकेचा, पण हे आकडे ट्रकलाही असतात आणि मोटारीलाही. खरं काय ते पुढच्या सपाटीवर ठोकलेली अक्षरं सांगतील. म्हणजे नेमका तुमचा देव. भाऊ म्हणाला, आप्पांनी नको सांगितलं होतं. मी म्हटलं, आप्पांनी माझा पानाही काढून घेतला होता, आणि बसले खरडायला. खालून निघालेल्या अक्षरांचा फोटोही मिस्त्रीला पाठवला.

आज सकाळी मिस्त्रीचा फोन आला. दोन दारांची, शर्यतीच्या जोराची मोटार. ट्रकला ही अक्षरं कधीच ठोकली नाहीत. ऐकलं का, आप्पा? मन्हंच खरं निंघनं. भावाने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

मिस्त्रीने एवढंच विचारलं, इतकी उथळ अक्षरं इतकी वर्षं शाबूत कशी? मी म्हटलं, नशीब. खोटं बोलले. शेंदूर जिथे पोचला नव्हता, तिथलं लोखंड गंजाने पार खाल्लंय. तुम्ही थापत राहिलात म्हणून मी आज जिंकले. हे भावाला सांगणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर हा कागद पोचतच नाही. येत्या दसऱ्याला शेंदूर मीच लावणार आहे, त्याच जागी, चांगला जाड.