गौरीला येतेय, गोळीशिवाय

बंगळुरू

प्रिय आई,

पाया पडते. बाबांनाही नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांना दाखवू नकोस. फोनवर बोलले असते, तर त्यांनी स्पीकर लावला असता!

आनंदाची बातमी म्हणजे पोटाचं ऑपरेशन पुढे गेलं आणि मी गौरीला तुंगार्लीला येतेय. जुळ्यांनंतर लोंबणारी कातडी अजून महिनाभर लोंबेल, एवढंच.

झालं असं, की डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" मी बिनधास्त म्हटलं, "काहीच नाही." पाळणा लांबवायच्या गोळ्यांना आपण कधी औषध म्हणतो का? स्वतःचे मोजे न सापडणारा तुझा जावई रुचिर मध्येच म्हणाला, "आणि त्या रोजच्या गोळ्या?" बाईंनी पेनच खाली ठेवलं. त्या गोळ्यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ऑपरेशनने तो धोका वाढतो आणि गुठळी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणाल्या. म्हणून आधी गोळ्या बंद, पाळण्याची काळजी आता रुचिरकडे!

मी ठणठणीत आहे. अंघोळ करताना पोटऱ्या चाचपून बघते, ते सोड. तुझ्या पायांची सूज कशी आहे?

दरवर्षी तू बजावतेस, "सणात अडचण नको, गोळ्या चालूच ठेव." यंदा नाही. पाळी आली तर आली, पुरण मीच वाटणार.

गौर माहेरी येते, तेव्हा तिला कुणी उंबऱ्यावर थांबवून विचारतं का? मलाही विचारू नकोस.

तुझीच माहेरवाशीण,
इंद्रायणी