शिवांजली कुठंच गेली नव्हती

दहिवडी, रविवार

प्रिय ब्राह्मी,

तुझ्या प्रयोगाचा अहवाल मिळाला. छपाई देखणी आहे. मुखपृष्ठावर आमच्या वर्गाचा फोटो आणि तुझ्या नावाखाली माझंही नाव. ते पाहून मी आधी आईला दाखवायला धावले. हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं कुठल्या मनानं लिहितेय ते तुला कळेल.

गेला आठवडाभर रोजनिशीत तुझ्यावर रागावून लिहिते आणि दुसऱ्या दिवशी वाचून स्वतःलाच विचारते, हा राग खरा, की तू सांगलीत मोठी झालीस आणि मी इथं माण तालुक्यातच राहिले याची जळजळ? असेलही थोडी. ती वजा केली तरी खाली काहीतरी उरतंच.

बी.एड.च्या वर्षी मी तुमच्या घरी राहायचे. चंदनबाला काकू दिवस मावळायच्या आत वाढायच्या आणि रात्री मला पुन्हा भूक लागायची. तू दिवेलागणीनंतर कधी दाणाही तोंडात घातला नाहीस, पण माझ्यासाठी भडंगाची पुडी उशाखाली ठेवायचीस. एवढा नेम पाळणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. म्हणूनच दिवाळीनंतर तू मेंदूच्या अभ्यासावरचा तुझा प्रयोग घेऊन आमच्या शाळेत आलीस, तेव्हा मी तुझ्यासाठी शब्द टाकला. मुख्याध्यापक नानासो सर म्हणाले होते, "बाई, मेंदू-बिंदू ऱ्हाऊ द्या, पोरं पास व्हतील का तेवढं सांगा." मी म्हटलं, ब्राह्मी सांगते म्हणजे होतील.

नववीत बीजगणितात मागं पडलेली ती पोरं. तू त्यांना म्हणालीस, डोक्यात एका वेळी एका परातीएवढीच जागा असते. त्यात भीती येऊन बसली की पीठ मळणार कुठं? म्हणून तासाआधी प्रत्येकानं आपली भीती कागदावर लिहायची आणि कागद फाडून टाकायचा. एकाच साच्याची दहा गणितं न देता जुनी-नवी मिसळून द्यायची, थोडं विसरू द्यायचं, मग आठवायला लावायचं. आणि खोडरबर बंद. सगळ्यांचे गोळा करून तू बिस्किटाच्या डब्यात टाकलेस. चूक खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ओळ लिहायची. चूक डोळ्यांसमोर राहिली तरच डोकं तिच्याकडून शिकतं, असं तू सांगायचीस. मी इतकी वर्षं "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" एवढंच घोकून घेत आले होते. शिकवायला मी तुझ्याकडून शिकले. हे आजही नाकारत नाही.

शिवांजली तुला आठवत असेल. दिवाळी झाली की तिचे आईबाप ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला कुंडलकडं जातात. दरवर्षी तीही जायची आणि दरवर्षी तिचं गणित तिथंच अडायचं. यंदा ती हटून चुलतीकडं राहिली. तिचा बाप हरिबा शाळेच्या फाटकाशी मला म्हणाला, "लय हट्टी हाय, बाई. म्हणती, तुमच्या वर्गात चुकलं तरी कुणी हासत न्हाई. ऱ्हाऊ द्या हिला." हे मीच तुला कौतुकानं सांगितलं होतं.

शेवटच्या चाचणीला मी साताऱ्यात प्रशिक्षणात होते. परत आल्यावर तू म्हणालीस, छान झालं सगळं. मीही जास्त विचारलं नाही. गेल्या सोमवारी अहवाल वर्गात नेला. शिवांजलीनं फोटोत स्वतःला शोधून काढलं, हसली, आणि मग म्हणाली, "बाई, चाचणीला आमाला का न्हाई बसवलं? त्या बाई म्हनल्या, तुमी उद्या नगा येऊ, तुमचं झालंय." ती, केरबा आणि आणखी तिघं. सरावात सगळ्यांत हळू चालणारी पाच पोरं. अहवालात मात्र लिहिलंय, चाचणी दिलेले सर्व विद्यार्थी उत्तीर्ण. आणि खाली बारीक अक्षरात, काही विद्यार्थी मेंढपाळ कुटुंबांबरोबर स्थलांतरित झाल्याने अनुपस्थित.

ब्राह्मी, केरबाचा बाप मुंबईत माथाडी आहे. त्यांच्या दारात शेळीसुद्धा नाही. पण माणातली पोरं मेंढरांमागं गेली म्हटलं की सांगलीत कोण शंका घेणार? ते वाक्य तुला माझ्याच गप्पांतून सापडलं, याचंच जास्त लागतं.

तुझी बाजूही मांडून पाहिली. निकाल शंभर टक्के नसता तर कदाचित ही पद्धत पुढच्या शाळांपर्यंत गेली नसती. पण ती काढली कुणासाठी होती? काल तासाला शिवांजली नवा खोडरबर घेऊन आली. मी पाहिलं. ती खाली मान घालून एक ओळ कागद फाटेपर्यंत खोडत होती.

पुढच्या रविवारी सांगलीत तुझा सत्कार आहे, आणि मी व्यासपीठावरून दोन शब्द बोलावेत असा तुझा निरोप आहे. मी येतेय. उद्या त्या पाचही जणांची तीच चाचणी घेणार आहे. कदाचित दोघं-तिघं नापास होतील, कदाचित शिवांजलीसुद्धा. जे होईल ते तिथं वाचून दाखवीन, आणि ही मुलं समोर बसलेली असतील. तुला बेसावध गाठायचं नाही, म्हणून हे आधी कळवतेय. त्याआधी तू स्वतः उठून त्या ओळीवर रेघ मारलीस आणि शेजारी बरोबर ओळ लिहिलीस, तर मी नुसती टाळ्या वाजवीन. पोरांनाही दिसू दे की रेघ मारायला शिकवणाऱ्या बाई स्वतःही हे करू शकतात. काकूंना नमस्कार सांग. परतीची एसटी उशिराची आहे आणि पोरं भुकेजतील. दिवस मावळायच्या आत आम्ही सहाजण तुमच्याकडं जेवायला यायचं की स्टँडवर वडापाव खायचा, हे आता तूच ठरव.

अजून तरी तुझीच,
राजेश्वरी